न दिसणाऱ्या कामाची नीती

माणसाच्या हातून होणारी काही कामे डोळ्यांनी पारखता येतात. काहींच्या बाबतीत मात्र करणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. मोटारीच्या मागील चाकाचे बेअरिंग बदलणे हे दुसऱ्या प्रकारचे काम होय. ते घरच्या घरी करावे की नाही, हा वरकरणी काटकसरीचा किंवा हौसेचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो नीतीचाही प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास बंगळूर हे उचित स्थळ आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना उभारला. १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. अचूकतेचा संस्कार या शहरात पिढ्यान्‌पिढ्या मुरला आहे. अशा शहरातील एखादा निवृत्त गृहस्थ कल्पावा. त्याच्या जुन्या लहान गाडीच्या मागील बाजूने घरघर ऐकू येते. वेग वाढला की ती वाढते. जॅकवर उचललेले चाक हलवून पाहिले तर ढिलेपणा हाताला जाणवतो. जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या दुकानातून तो नवे बेअरिंग आणतो आणि रविवारी अंगणात कामाला बसतो.

चाक काढणे, ब्रेकचा ड्रम उतरवणे, जुने बेअरिंग ठोकून बाहेर काढणे, येथवर कष्ट आहेत, पण पेच नाही. पेच नवे बेअरिंग बसवताना येतो. बेअरिंगला दोन कडी असतात, एक बाहेरचे व एक आतले. त्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या फिरतात. ड्रममध्ये बसवताना जोर बाहेरच्या कड्यावरच द्यावा लागतो. घाईत हातोडा आतल्या कड्यावर पडला, तर आघात गोळ्यांमधून जातो आणि त्या ज्या मार्गावरून फिरतात त्यावर सूक्ष्म खळगे उमटतात. १९०० मध्ये धातूंच्या काठिण्याची चाचणी जगापुढे मांडणारे स्वीडिश अभियंते ब्रिनेल यांच्या नावाने ही इजा ओळखली जाते. तिचे वैशिष्ट्य असे की, त्या दिवशी चाक निमूटपणे फिरते. घरघर पुढे केव्हातरी सुरू होते. तोवर गाडी कदाचित दुसऱ्याच्या मालकीची झालेली असते.

समजा, असा एक चुकीचा घाव पडला. तो कोणी पाहिला नाही. दुकान आता उद्याच उघडणार. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजीसच्या अंगठीची कथा येते: माणूस अदृश्य होऊ शकला, तर तो न्यायाने वागेल काय? त्या प्रश्नाला जादूच्या अंगठीची गरज नाही. येथे माणूस दिसतो. त्याचे कर्म मात्र अदृश्य राहते.

यावर असे म्हणता येईल की, गॅरेजमधील कारागिराचे कामही मालकाला दिसत नाही. हे खरे आहे. परंतु तेथे योग्य साधन असते, सरावलेला हात असतो आणि जाब विचारण्यास दुसरा कोणी तरी असतो. घरी मात्र करणारा, तपासणारा आणि क्षमा करणारा एकच असतो. शिवाय धोका त्याच्या एकट्याचा नसतो. मागच्या आसनावर नातवंड बसते, मागून दुचाकीस्वार येत असतो. त्यांची संमती कोणी विचारलेली नसते. गांधी-विनोबांच्या विचाराने शरीरश्रमाला प्रतिष्ठा दिली, ती मोलाचीच आहे. तथापि श्रमाची प्रतिष्ठा ही कौशल्याची हमी नव्हे.

म्हणून हे काम घरी करूच नये, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. जो एकदा स्वतः हे करून पाहतो, त्याला कारागिराच्या मजुरीत कशाचे मोल असते ते कळते. आणि आपल्या वस्तूचे अंतरंग जाणण्याचा अधिकार कोणी सहज सोडू नये. ड्रम घेऊन जवळच्या वर्कशॉपमध्ये जाणे आणि तेवढे बेअरिंग प्रेसवर बसवून आणणे, हाही स्वावलंबनाचा पराभव नव्हे. आपल्या हाताची मर्यादा ओळखणे हा त्याचाच भाग आहे.

स्वावलंबनाची कसोटी त्या चुकीच्या घावानंतर लागते. बेअरिंग नवे आहे, पैसे गेले आहेत, बोटाने फिरवले तर ते सुरळीत फिरते. तरीही ते काढून टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा जे. सी. रोडची वाट धरणे ज्याला जमते, त्यालाच हे काम घरी करण्याचा अधिकार आहे.