प्रतिध्वनीची जबानी

बीड जिल्ह्यात, विशेषतः आष्टी-पाटोद्याच्या बालाघाटी माळावर, उन्हाळा तापू लागला की बोअरच्या गाडीआधी यंत्रवाला येतो, लाल-निळ्या पट्ट्यांचा आलेख खातेदाराच्या हाती ठेवतो आणि अमुक फुटांवर पाणी आहे असे छातीठोकपणे सांगतो. कर्जाऊ पैशाने घेतलेली बोअर कोरडी गेली, म्हणजे दोष मात्र नशिबाच्या खाती पडतो. ते यंत्र बहुधा खडकाचा विद्युतरोध मोजते, पाणी नव्हे. मोजमापाला साक्षात दर्शन मानण्याचा हा प्रमाद ज्या शास्त्राच्या पुण्याईवर खपतो, त्या भूगर्भीय प्रतिध्वनींच्या शास्त्राने तो केव्हाच टाकून दिला आहे. आणि त्या त्यागाचा इतिहास आपण सारे चुकीचा वाचतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभीचा भाग निर्विवाद आहे. 1935 मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ मॉरिस युइंग यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ सुरुंग उडवून सागरतळाखालच्या थरांचा वेध घेतला. महायुद्धानंतर सुरुंगाची जागा दाबलेल्या हवेच्या स्फोटाने घेतली आणि चालत्या जहाजावर तळाचा अखंड छेद कागदावर उमटू लागला. सिंदफणेच्या पुराने नेलेली आमची काळी माती गोदावरीवाटे ज्या बंगालच्या उपसागरास मिळते, तेथील जाड गाळाखाली गडप झालेली 85 पूर्व रेखांशाची पर्वतरांग अशाच छेदांनी उघडकीस आणली. एवढी रांग असूनही तेथे गुरुत्वाकर्षण वाढण्याऐवजी घटलेले आढळते. म्हणजे केवळ गुरुत्वमापनावर विसंबणाऱ्यास तेथे पर्वताचा संशयही आला नसता.

येथवर सारे एकमताने सांगतात आणि पुढची प्रगती यंत्राच्या वाढत्या तीक्ष्णतेची म्हणून रंगवतात. माझा आक्षेप येथेच आहे. छेदाचा उभा अक्ष मुळात खोलीचा नसून काळाचा असतो: ध्वनी जाऊन परत येण्यास लागलेल्या एका सेकंदाचा अर्थ पाण्यात सुमारे 750 मीटर, तर घट्ट बेसाल्टमध्ये अडीच किलोमीटरांच्या आसपास होतो, आणि मधल्या थरातील वेग गृहीत धरल्यावाचून खोली सांगताच येत नाही. खरे स्थित्यंतर 1968 मध्ये घडले, जेव्हा ‘ग्लोमर चॅलेंजर’ हे सागरतळाला भोक पाडून नमुने काढणारे वेधनजहाज समुद्रात उतरले आणि प्रतिध्वनीची जबानी उलटतपासणीस उभी राहिली. 1972 मध्ये हिंदी महासागराच्या तळावरील नव्वद पूर्व रेखांशाच्या रांगेवर वेध घेता ज्वालामुखीय खडकांवर उथळ पाण्यातील गाळ आणि लिग्नाइट लागले. ही रांग एकेकाळी समुद्रसपाटीजवळ होती, हे केवळ छेद पाहून कोणी खात्रीने सांगू शकले नसते.

याहून बोधप्रद प्रसंग आपल्याच किनाऱ्याचा आहे. तळाला समांतर जाणारी ठळक परावर्तनरेषा ही गोठलेल्या मिथेनची, म्हणजे गॅस हायड्रेटची, खूण मानली जाते. 2006 च्या राष्ट्रीय हायड्रेट-शोध मोहिमेत केरळ-कोकण खोऱ्यात तशा अपेक्षेने वेध घेतला असता हायड्रेट मिळाले नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र सुमारे 130 मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर लागला. कोकणचा तो रिकामा वेध अपयश म्हणून विसरला जातो, हे मला फार खटकते, कारण खूण आणि वस्तू यांतील तफावत त्यानेच सिद्ध केली. त्याच मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर काढलेल्या गाळस्तंभातील वनस्पतींच्या अंशांवरून, गेल्या सुमारे 4,000 वर्षांत दख्खनचे हवामान शुष्क होत गेल्याचे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या अवर्षणाची ही प्राचीन कैफियत कोणत्याही प्रतिध्वनीत नव्हती; ती चिखलात होती.

शेजारच्या किल्लारीतही 1993 च्या भूकंपानंतर 617 मीटरचा वेध घेतला, तेव्हाच तेथील बेसाल्ट 338 मीटर जाड असल्याचे प्रत्यक्ष मापाने ठरले. तरी यंत्रवाल्यांवर बंदी घालण्याची माझी मागणी नाही; मागणी एवढीच आहे. प्रत्येक बोअरमध्ये मुरूम कोठवर, मांजऱ्या खडक कोठवर, काळा खडक कोठे लागला आणि पाणी लागले की नाही, याची नोंद, कोरड्या बोअरींसह, तलाठ्याच्या दफ्तरी व्हावी, आणि नवा आलेख त्या गावच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्यावाचून कोणा खातेदाराने गाडी बोलावू नये.