हरलेल्या रात्रीची झोप



३१ डिसेंबर २०२२. अटलांटात कॉलेज फुटबॉलचा पीच बाउल. आमची ओहायो स्टेट जॉर्जियाकडून ४२-४१ अशी हरली. शेवटची ५० यार्डांची किक डावीकडे गेली, तोच नवे वर्ष लागले. त्या पोराला मी शिव्या घातल्या. लेक शेजारीच बसली होती.

राजा पसेनदी अजातशत्रूकडून युद्ध हरला, तेव्हा तथागतांनी भिक्खूंना दाखवून दिले, की हरलेल्याची झोप उडते आणि जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते. माझी झोप मात्र हारेने नव्हे, माझ्याच वाचेने उडाली. सम्यक वाचा मीच तिला शिकवली होती.

सकाळी भीमा कोरेगावच्या शूरवीरांना अभिवादन करण्याआधी लेकीची माफी मागितली. मग दोघांनी त्रिशरण-पंचशील घेतले.

टीम पुन्हा हरेल. तेव्हा जीभ ताब्यात राहो.

सर्वांचे मंगल होवो!