कौशल्याची कमाई

जुगार हे पाप आहे काय, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतून नवा नाही आणि त्याचे ठरावीक उत्तरही बहुतेकांना पाठ आहे. परंतु नांदेड-लातूरकडच्या शिकल्यासवरल्या तरुणांच्या तोंडून तो अलीकडे निराळ्या रूपात ऐकू येतो. ते म्हणतात, आम्ही जुगार खेळत नव्हतो. मोबाइलवर एक-दोन रुपयांच्या पोकरच्या डावात बसत होतो, हिशेब करून खेळत होतो आणि महिन्याकाठी चार पैसे मिळवत होतो. हे कौशल्य होते, नशीब नव्हे. मग ही कमाई वाईट कशी? असा प्रश्न करणाऱ्याला नुसते दटावून भागणार नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच त्याचा नीट विचार केला पाहिजे.

ज्यांना हा डाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात, मधोमध टप्प्याटप्प्याने पाच पाने उघडी पडतात आणि या सातांतून उत्तम पाच ज्याची जमतील तो जिंकतो. दर टप्प्यावर रक्कम वाढवावी, बरोबरी करावी किंवा पाने टाकून बाजूला व्हावे. पहिल्या दोन पानांतच जोडी येणे हे सतरा डावांत एखाद्या वेळी घडते. एक्क्यांची जोडी तर २२१ डावांत सरासरी एकदाच. ही जोडी एकट्या प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही दोन पानांविरुद्ध शंभरांत सुमारे ८५ वेळा जिंकते. समोर चार जण शेवटपर्यंत टिकले तर हे प्रमाण ५५ च्या आसपास उतरते. पण गंमत अशी, की पाच जणांनी सारखी रक्कम लावली असता आपला वाटा एकपंचमांश असतो आणि सरासरीने पदरात निम्म्याहून अधिक पडते. तोटा होतो तो कधीमधी, नफा होतो तो कायमचा.

आता ज्याचा हात सैल आहे असा खेळाडू समोर आणा. त्याला पाने टाकवत नाहीत. दुरी-सत्ती आली तरी तो पुढचे पान पाहण्यासाठी पैसे मोजतो. अशा माणसाशी कसे खेळावे याचे जाणत्यांचे शास्त्र अगदी साधे आहे: त्याला हूल देऊ नये, कारण तो हटणारच नाही, स्वस्थ बसून वाट पाहावी, आणि बादशहाची वा एक्क्याची जोडी हाती येताच रक्कम चढवत न्यावी, कारण तो ती भरणारच. संयम, गणित, भावनांवर ताबा, सारे काही या शास्त्रात आहे. एरवी ज्या गुणांची आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात स्तुती करू, तेच हे गुण.

न्यायालयांनीही कौशल्याला मान दिला होता. सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीविषयी जुन्या हैदराबाद संस्थानच्या जुगार कायद्याखाली चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली निर्णय दिला, की रमीत पाने लक्षात ठेवावी लागतात, ती धरण्या-टाकण्यात कसब लागते, म्हणून ती निव्वळ दैवाचा खेळ नव्हे. पुढे इंटरनेटवर पैशांचे डाव मांडणाऱ्यांनी याच तर्काचा आधार घेतला. तेलंगणाने २०१७ साली तो झुगारून अशा खेळांवर बंदी घातली. त्यामुळे बासरला जे निषिद्ध ते राज्याच्या सीमेअलीकडे धर्माबादला चालत असे. अखेर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूला ठेवला व दोन्हींना मनाई केली. कायद्याचा भाग इथे संपतो. सद्सद्विवेकाचा भाग संपत नाही. मिळवलेले पैसे अजून खात्यात आहेत, आणि दिवाळीच्या रात्री पत्त्यांचे डावही बसतातच.

आमचे म्हणणे असे, की कौशल्याचा जो मुद्दा न्यायालयात बचाव म्हणून उपयोगी पडला, तोच विवेकाच्या दरबारात आरोप ठरतो. दोघे जण नाणे उडवून शंभर रुपयांची पैज लावतात तेव्हा हरणाऱ्याला दैवाने हरवलेले असते; जिंकणाऱ्याने त्याच्याविरुद्ध काही केलेले नसते. परंतु ज्याने समोरच्याचा सैल हात ओळखला, तो किती वेळा पैसे टाकतो याची नोंद ठेवली, आणि अशांचीच सोबत शोधून जो बसला, त्याने दुसऱ्याच्या दुबळेपणातून मिळकत केली. नफ्याचे कारण एक्क्यांची जोडी नव्हे; ती तर प्रत्येकाला सारखीच येते. नफ्याचे कारण आहे समोरचा माणूस. या खेळाच्या बोलीत त्याला ‘मासा’ म्हणतात. पेत्राला प्रभूने माणसे धरणारा केले ते त्यांना तारण्यासाठी. इथे गळ कशासाठी टाकला आहे ते सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, लातूरच्या बाजारात सोयाबीनचा व्यापारी शेतकऱ्यापेक्षा अधिक जाणतोच की. मग तोही दोषी काय? अधिक जाणणे हा दोष नाही. व्यापारी नाडेल तर तो दोषी खराच. पण सौदा सरळ असेल तर शेतकऱ्याला पैसा मिळतो, व्यापाऱ्याला माल मिळतो आणि गिरणीत त्याचे तेल निघते. पोकरच्या पटावर काहीच पिकत नाही. एकाच्या खिशातून निघते तेवढेच दुसऱ्याच्या खिशात जाते, किंबहुना त्याहून कमी, कारण खेळ मांडणारा आपला हिस्सा आधी काढून घेतो. जुन्या अड्ड्यांवर त्याला नाल म्हणत.

ख्रिस्तसभा या बाबतीत काही लोक समजतात तितकी कठोर नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानुसार पैजा व दैवाचे खेळ हे स्वतः न्यायाविरुद्ध नाहीत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचे जे आहे ते हिरावले जाते तेव्हा ते अग्राह्य ठरतात, आणि खेळाचे व्यसन ही गुलामगिरी होऊ शकते. सणाच्या दिवशी चर्चच्या मैदानात होणारी हाऊजी यात सहज बसते (तिच्या तिकिटांच्या आग्रहाविषयी इथे बोलत नाही). मग एक-दोन रुपयांचा डावही बसू नये काय? बसला असता, जर समोर कोण आहे हे कळले असते. गावात पारावर बसणाऱ्यांना एकमेकांची घरे ठाऊक असतात. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाचे बी-बियाणे अजून उधारीवर आहे, हे पाहून शहाणा माणूस डाव मोडतो. पडद्यावर असते ते एक टोपणनाव आणि एक आकडा. दोन रुपये थोडे खरे. पण रात्रीतून तीनशे डाव होतात, आणि ते कोणाचे दोन रुपये आहेत हे आपल्याला दिसत नाही.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात जुगारातल्या पैशाचा विचार केला तो दानधर्माच्या प्रकरणात, हे मार्मिक आहे. त्यांच्या मते तीन प्रकारची जीत देवाच्या नियमाविरुद्ध आहे: ज्याला आपली मालमत्ता देऊन टाकण्याचा अधिकार नाही त्याच्याकडून, म्हणजे अज्ञानाकडून वा वेड्याकडून, घेतलेली, लोभापोटी दुसऱ्याला खेळात ओढून मिळवलेली, आणि कपटाने मिळवलेली. असा पैसा परत करावा लागतो, तो दान म्हणूनही देता येत नाही. आमचे तरुण कपट करत नव्हते हे मान्य. परंतु पहिल्या प्रकाराचे काय? परीक्षेच्या तयारीसाठी मराठवाडाभरातून मुले लातूरला येतात, खोल्या घेऊन राहतात. बापाने मेससाठी धाडलेले पैसे हे मुलाचे आहेत काय? बापाच्याच मोबाइलवर खेळणाऱ्या पोराचे? पीककर्जाची रक्कम खात्यात आली त्या रात्री पटावर बसलेल्या माणसाची? यांपैकी कोणीही तो ‘मासा’ असू शकला असता. ज्याला पाने टाकवत नाहीत तो माणूस कधीकधी खेळतच नसतो, तो बुडत असतो. आणि आपले शास्त्र आपल्याला शिकवते, की नेमक्या त्याच वेळी रक्कम चढवावी.

म्हणून ‘पैसे ठेवू की नको’ असे विचारणाऱ्यांना आम्ही उलट विचारतो: तुम्ही सहज खेळलात, की दुबळ्यांची निवड करून खेळलात? सहज खेळून चार रुपये आले असतील तर मनाला फार टोचणी लावून घेऊ नये. निवड केली असेल, तर ज्याचे घेतले त्याचे त्याला देणे हाच सरळ मार्ग, जक्कयाने चौपट कबूल केले तसा. अडचण अशी, की जक्कयाला यरीहोतली घरे माहीत होती. इथे टोपणनावामागचे घर कधीच सापडणार नाही. मालक सापडत नसेल तर ती रक्कम त्याच्या नावे गरिबांना द्यावी, असे त्याच संत थॉमसनी परतफेडीविषयी लिहिताना सांगितले आहे. ती दानपेटीत टाकताना आपले दान म्हणून टाकू नये. ती त्या अनोळखी माणसाची आहे, आणि पुण्य लागलेच तर त्याला लागेल.