कारागीर फाळके आणि त्यांचे घर

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की आपण हमखास दोन गोष्टी सांगतो. ते भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, ही एक. आणि त्यांच्या ध्यासापायी पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या. पहिलीत फाळक्यांमधला कारागीर झाकला जातो, दुसरीत सरस्वतीबाईंमधला.

त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांचे पहिल्या चाळीस वर्षांचे आयुष्य वरवर पाहता धरसोडीचे दिसते. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याला फोटोचा धंदा, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम, पुढे स्वतःचा छापखाना, त्यासाठी जर्मनीची वारी. मधल्या काळात ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही. नातेवाइकांनी अशा माणसाला काय म्हटले असेल ते सांगायला नको. पण पुढे यातले काहीच वाया गेले नाही. पडदे चित्रकाराने रंगवले, चौकट फोटोग्राफरने बांधली, रसायनांचे प्रमाण छापखान्याने शिकवले आणि ‘लंकादहन’ या त्यांच्या चित्रपटातला हनुमान जादूगाराच्या हिकमतीने आकाशात गेला. चित्रपट बनवण्याचा धंदा देशात अजून रुजला नव्हता. त्यासाठी लागणारे एकेक हत्यार मात्र हा माणूस कळत-नकळत जमवत होता.

‘पहिला भारतीय चित्रपट कोणाचा?’ हा वाद अधूनमधून उकरला जातो. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ मे १९१२ मध्ये, म्हणजे फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वर्षभर आधी, मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला होता. ते चित्रण नाटकाचे होते, कॅमेरा इंग्रज माणसाच्या हाती होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला गेली होती. तोरण्यांचे श्रेय याने कमी होत नाही. पण फाळक्यांचे वेगळेपण नेमके कुठे आहे, ते यावरून कळते. तारखेच्या शर्यतीत ते मागे पडले तरी बिघडत नाही. कच्च्या फिल्मपासून तयार प्रतीपर्यंतचे सगळे काम त्यांनी इथे, आपल्या हाताखाली आणले. मोठेपण आहे ते यात.

१९११ मध्ये मुलाला बरोबर घेऊन त्यांनी गिरगावात चित्रपट पाहिला. लगेच दुसऱ्या दिवशी पत्नीलाही नेले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. पुढच्या वर्षी विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. भांडवल कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि रोपाच्या वाढीची एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर ते रोप बघता बघता जमिनीतून वर आले आणि त्या जोरावर कर्ज मिळाले. ‘मला हे येते’ असे सांगण्याची कारागिराची रीत हीच. तो बोलत बसत नाही, नमुना पुढे ठेवतो.

सरस्वतीबाईंचे काम दागिन्यांपाशी संपले असते, तर त्यांना त्यागमूर्ती म्हणून हात जोडणे पुरे होते. पण त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोके नसलेली येई. ती भोके अंधारात, सारख्या अंतरावर पाडावी लागत. एक जरी चुकले तर फिल्म कॅमेऱ्यात अडकणार किंवा पडद्यावर चित्र नाचणार. हे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. फिल्म धुण्याचेही शिकल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३७०० फूट. एका फुटात १६ चौकटी, एका चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोके. हिशेब केला तर एका लांबीलाच पावणेपाच लाखांच्या आसपास भोके होतात. वाया गेलेली फिल्म आणि पुढच्या प्रती वेगळ्याच. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्याच घरात शिजत होता. दागिने एकदाच देता येतात. हे काम रोज होते.

यावर कोणी विचारील, त्या काळच्या बाईला ‘नाही’ म्हणायची सोय तरी होती का? प्रश्न रास्त आहे. घरच्या बाईचे श्रम फुकटात धरून मोठी झालेली नावे आपल्याकडे कमी नाहीत. शिवाय कुटुंबवत्सल माणसाची आपली मोजपट्टी ठरलेली असते: घर बांधले का, शिल्लक ठेवली का, मुलांना मार्गी लावले का. त्या मापाने फाळके बऱ्याच ठिकाणी उणे पडतील. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने मांडावीच लागते. ज्या समाजात विद्या पुरुषांपाशी आणि राबणे बायकांपाशी अशी वाटणी होती, तिथे त्यांनी आपल्या धंद्यातली सर्वांत नाजूक विद्या बायकोच्या हाती दिली. गोध्र्याच्या प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गमावलेल्या या माणसाने दुसरा संसार आणि कारखाना एकाच छपराखाली मांडला.

तो संसार पडद्यावरही दिसतो. मुलगा भालचंद्र ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला. पहिल्या यशानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलवले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये सात वर्षांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. या चित्रपटाची सुरुवातच पाहण्यासारखी आहे. कथा सुरू होण्याआधी तिचा चेहरा समोर येतो आणि त्यावर एकेक भाव उमटत जातो. मुलीच्या कामाबद्दल बापाला काय वाटत होते, ते सांगायला आणखी पुरावा नको.

सगळे आपल्या हाताखाली ठेवण्याच्या याच स्वभावाने पुढे त्यांचा घातही केला. १९१८ मध्ये भागीदारांसह नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, पण हिशेबी भागीदारांशी त्यांचे पटेना. कंपनी सोडून ते काशीला गेले, काही काळाने परतले. पुढे धंद्याची चाल बदलली. बोलपटाला ध्वनीची यंत्रे, मोठे भांडवल आणि कामाची वाटणी लागू लागली. ज्याला सगळे येते त्याच्यापेक्षा ज्याला एकच काम नेमके येते, त्याची गरज वाढली. कोल्हापूरला केलेला १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते नाशिकला वारले.

१९६९ पासून त्यांच्या नावाने देशातला चित्रपटांचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. मान मोठा आहे, पण नाव एकट्याचे आहे. ‘जनक’ म्हटले की काम एका डोक्यातून निघाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते अनेक हातांनी झाले आणि त्यातले दोन हात सरस्वतीबाईंचे होते. म्हणून नाशिककरांनी आणि चित्रपटांच्या अभ्यासकांनी एवढे करावे: फाळक्यांची जयंती-पुण्यतिथी साजरी करताना दागिन्यांची गोष्ट थोडी बाजूला ठेवावी आणि सरस्वतीबाईंचा उल्लेख त्यांच्या कामाने करावा. त्या भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांपैकी एक होत्या.