हिंसेचा कर्ता

‘हिंस्’ या संस्कृत धातूवर वाद सुरू झाला की बोलणं कर्मावर येतं: कोण मेलं, किती रक्त सांडलं, मुंगी चिरडली तर तीही हिंसा का. धातुपाठ विचारावा, तर तिथे या धातूचा अर्थ ‘हिंसा’ एवढाच दिलेला. वर तोच अर्थ आणखी कितीतरी धातूंना वाटून टाकलेला. तिथून हाती काही लागत नाही. माझ्या मते या क्रियापदाचा खरा तंटा कर्त्याचा आहे. इजा झाली हे सहसा सगळ्यांना मान्य असतं. ती केली कुणी, इथे गाडं अडतं.

यज्ञातला यूप, म्हणजे पशू बांधायचा खांब, घडवण्यासाठी झाड तोडताना काय करायचं, ते शतपथ ब्राह्मणात आलं आहे. अध्वर्यू हा पुरोहित खोडावर दर्भाची काडी ठेवतो, झाडाला सांभाळ असं तिला सांगतो, याची हिंसा करू नकोस अशी कुऱ्हाडीची विनवणी करतो आणि मग घाव घालतो. मारलेल्या पशूची वपा, म्हणजे पोटातली चरबीची पडदी, काढतानाही तोच मंत्र, आणि चौलात मुलाचे केस कापतानाही तोच. केसांच्या बाबतीत मागणं सरळ आहे, वस्तरा कातडीला लागू नये. पण झाडाच्या बाबतीत ते म्हणताना क्रियापद द्वितीय पुरुषात आहे, त्याची कर्ती कुऱ्हाड आहे, आणि जो घाव घालणार तो त्या वाक्यात कुठेच नाही. यावर कर्मठांचं उत्तर तयार असतं: वेदाने सांगितलेली हिंसा ही हिंसाच नव्हे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ते स्पष्ट शब्दांत आलं आहे. मग जी हिंसाच नव्हे, ती करू नकोस म्हणून कुऱ्हाडीला विनवायचं कशाला? गंमत म्हणजे त्याच अध्यायात मांसाच्या बाबतीत परवानगी देणारा, कापणारा, मारणारा, घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा या सगळ्यांना घातक ठरवलं आहे. एकीकडे कर्ता पुसायचा आणि दुसरीकडे आठ जण उभे करायचे, ही ओढाताण एकाच ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात कर्मठांच्या याच युक्तिवादाची खिल्ली उडवली आहे: फांद्या तोडायच्या आणि त्यांचंच कुंपण त्याच झाडाच्या बुंध्याला घालायचं!

कर्ता कुणाला म्हणायचं यात व्याकरणाने एक पायरी आधीच बांधून ठेवली होती. स्वतः हात न लावता दुसऱ्याकडून काम करवून घेणाऱ्या प्रयोजकालाही पाणिनी कर्ताच म्हणतो. पतंजलींचं योगसूत्र त्यापुढे जातं आणि केलेली, करवलेली व अनुमोदिलेली अशी तीन प्रकारची हिंसा मानतं. पहिल्या दोन प्रकारांसाठी क्रियापदाची रूपं तयार आहेत; नुसती मान डोलावणाऱ्यासाठी मात्र व्याकरणात रूप नाही. तिथे तत्त्वज्ञानाला भाषेच्या पुढे जावं लागलं.

जैनांच्या प्रतिक्रमणातला, म्हणजे झालेल्या दोषांच्या कबुलीच्या विधीतला, ‘इरियावहिया’ पाठ या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. जाता-येता जीवांना काय काय झालं असेल याची दहा क्रियापदं त्यात ओळीने येतात: लाथाडले गेले, धुळीने झाकले, जमिनीशी घासले, एकत्र लोटले, नुसते स्पर्शले, तापवले, थकवले, घाबरवले, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवले, आणि सर्वांत शेवटी प्राणाला मुकवले. मरण दहावं आहे. उचलून बाजूला ठेवणंसुद्धा नववं! रूपं कर्मणी आहेत, पण आरंभीच ‘माझ्याकडून’ असं म्हटलेलं असल्यामुळे कर्ता सुटत नाही. याउलट आपल्या ‘कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं गेलं असल्यास’ या मराठी दिलगिरीत माणूस अलगद वाक्याबाहेर निसटतो.

अशाने श्वास घेणाराही हिंसकच ठरेल, मग शब्दाला अर्थ काय उरला, हा आक्षेप वजनदार आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात त्याची सोय केली आहे. प्राण गेले एवढ्यावर त्यांची व्याख्या थांबत नाही. ते प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातून, गेलेले असले पाहिजेत. कुंदकुंदांचं प्रवचनसार तर म्हणतं, की जीव मरो वा न मरो, बेफिकीर वागणाऱ्याच्या माथी हिंसा आहेच आणि जपून वागणाऱ्याला केवळ जीव गेल्याने कर्माचा बंध लागत नाही. ‘माझा हेतू वाईट नव्हता’ म्हणणाऱ्याला ही पळवाट वाटेल, पण तसं नाही. हेतू चांगला असूनही माणूस न बघता पाय टाकू शकतो, आणि त्याला विचारलं जाणार ते हेतूबद्दल नाही, तर तू पाहिलंस का, एवढंच. आत्मा कुणाला मारत नाही आणि मारलाही जात नाही, असं गीतेच्या दुसऱ्या अध्यायात वाचून कर्ता कायमचा रजेवर पाठवणाऱ्यांनी तेरावा अध्यायही वाचावा. सर्वत्र समान ईश्वर पाहणारा स्वतःच स्वतःची हिंसा करत नाही, असं म्हणताना गीता हेच क्रियापद वापरते, आणि तिथे कर्ता पाहणारा आहे.