फळीखालचे पाणी



पावसाळ्यातली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. बोटींच्या आशीर्वादाची वेळ ठरवायला आम्ही परवा बंदरावर गेलो होतो. सगळीकडे रंगकाम चालू होते. एक वयस्क तांडेल मात्र तळाच्या फळ्या काढून, आत हात घालून बसले होते. म्हणाले, ‘‘फादर, रंग लोकांना दिसतो. बोट इथून बुडते.’’

त्यांनी तळातला पंप वर काढला. मोटर चांगली, बॅटरी चांगली. पण जाळीत नायलॉनचे दोरे, खवले आणि प्लास्टिकची पिशवी अडकलेली. असा पंप फिरतो, पण पाणी उपसत नाही.

लाकडी बोट कधीच पूर्ण कोरडी नसते. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपते. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथले ग्लँड तर मुद्दाम थोडे गळते ठेवतात. फार आवळले तर दांडा तापतो. सेकंदाला एकच थेंब धरा. दिवसाला चार लिटरहून जास्त, आठ दिवसांच्या फेरीत तीस-पस्तीस लिटर! आणि हे पाणी एका जागी राहत नाही. बोट ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते.

पाणी वाढले की तरंगता खटका वर उचलला जातो आणि पंप आपोआप सुरू होतो. पण ग्रीस आणि कचऱ्याने खटका चिकटला, तर पंप गप्प राहतो. आपण समजतो, पंप गप्प आहे म्हणजे तळ कोरडा आहे.

बंधुभगिनींनो, आपली सद्सद्विवेकबुद्धी गप्प असते, तेव्हा आपणही असेच समजत नाही का?

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील हिप्पो या बंदराच्या गावी बिशप असलेले संत ऑगस्टीन यांनी योहानाच्या शुभवर्तमानावरील प्रवचनात हाच दाखला दिला आहे. जहाज एका मोठ्या लाटेने बुडाले काय, किंवा तळात झिरपलेले पाणी न उपसल्याने बुडाले काय, शेवट एकच, असे ते सांगतात. क्षम्य पापांकडे दुर्लक्ष करू नका, हा त्यांचा इशारा.

आपल्या धर्मग्रामात खून-दरोडे होत नाहीत. पण कुंपणाच्या हातभर जागेवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. एकाच मिस्साला येतात, एकाच वेदीपुढे ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि वेगवेगळ्या दारांनी घरी जातात. पहिल्या दिवशी तो एक थेंबच होता. आम्ही धर्मगुरूही यातून सुटलेले नाही. सभेत कोणी उलट बोलले तर आम्ही ते मनात ठेवतो, आणि पुढच्या सभेत आमचा आवाज चढतो तो त्यामुळेच.

थेंब येणारच, आपण माणसे आहोत. प्रश्न उपसण्याचा आहे. तांडेलांचा नेम ऐका. फेरीला निघण्याआधी ते जाळी साफ करतात, खटका हाताने उचलून पाहतात, तळात बादलीभर पाणी ओतून ते बाहेर पडते का ते बघतात. आणि पंप असूनही हातपंप आणि बादली जवळ ठेवतात.

आपणही रोज रात्री पाच मिनिटे फळी उचलून पाहू या. वर्षातून एकदा, ईस्टरच्या तोंडावर रांगेत उभे राहण्यापेक्षा नियमित पापनिवेदन करू या. आणि ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्या दारी आपणच आधी जाऊ या. वादळात बोट पाण्याने भरू लागली, तेव्हा शिष्यांनी झोपलेल्या प्रभूला हाक मारून उठवले. तो आपल्याही बोटीतच आहे.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर बंदरावर बोटींना आशीर्वाद देण्यात येईल. शनिवारी संध्याकाळी पाच वाजल्यापासून आम्ही पापनिवेदनासाठी चर्चमध्ये बसू. रंग सुकेपर्यंत वेळ आहे.

आपले,
धर्मगुरू