बिऱ्हाडकरूचा उंबरठा

आमच्या जुन्या घरांची बांधणी ज्याने लक्षपूर्वक पाहिली असेल त्यास एक गोष्ट सहज ध्यानी येईल. अंगणात कोणीही यावे, ओटीवर ओळखीच्याने बसावे, माजघरात आप्तेष्टांनी यावे, आणि स्वयंपाकघरात व देवघरात घरच्या माणसांखेरीज कोणी पाऊल टाकू नये, असा क्रम त्या बांधणीनेच घालून दिलेला असे. पाहुण्याने कोठवर यावे हे सांगण्यास पाटी लावावी लागत नसे. उंबरठाच ते सांगे. या क्रमात सोवळ्याओवळ्याचा व जातिभेदाचा पुष्कळ मळ मिसळला होता, हे आम्ही विसरत नाही. तथापि तो मळ धुऊन टाकल्यावरही एक कल्पना शिल्लक राहतेच. ती ही की, मनुष्याच्या निवासाला थर असतात, आणि आतल्या थरात केव्हा व कोणास घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार आत राहणाराचा असतो. आता प्रश्न असा की, घर एकाचे आणि राहणारा दुसरा, अशी स्थिती असेल तर उंबरठा कोणाचा? ज्याने भिंती बांधल्या त्याचा, की भिंतींच्या आत जो जगतो त्याचा?

हा प्रश्न आम्हांस अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी या गावावरून सुचला, हे ऐकून वाचकांस कदाचित नवल वाटेल. पारनेर तालुक्यातील हे गाव प्रसिद्ध झाले ते पाणी अडविण्याकरिता, श्रमदानाकरिता आणि दारूबंदीकरिता. घरभाड्याच्या तंट्यांकरिता नव्हे. परंतु त्या गावी एक खोली आहे. १९७५ साली सैन्यातून परत आल्यावर श्री. अण्णा हजारे यांनी स्वतःचा संसार किंवा घर न मांडता यादवबाबांच्या देवळाचा आश्रय घेतला, आणि पुढे कित्येक वर्षे देवळालगतची एक लहानशी खोली हेच त्यांचे बिऱ्हाड झाले. ज्याच्या खोलीत जपून ठेवण्यासारखे काही नाही, त्याला येणाऱ्याजाणाऱ्याचे भय कसले? पुढे सरकारी दप्तरे लोकांस खुली व्हावीत म्हणून जी चळवळ झाली तीत महाराष्ट्रापुरते राळेगणचे नाव अग्रभागी राहिले. राज्याचा २००२ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा व देशाचा २००५ चा कायदा यांच्या इतिहासात या गावाचा उल्लेख टाळता येणार नाही. सारांश, उघडेपणा हा सद्गुण आहे, ही शिकवण या गावाने शब्दाने व उदाहरणानेही दिली.

या शिकवणीचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मात्र तिच्यातून एक घातक अनुमान निघण्याचा संभव असतो, आणि ते अनुमान घरमालकांच्या तोंडी आम्ही अनेकदा ऐकले आहे. ‘ज्याच्या मनात पाप नाही, त्याला लपवायचे कशाला?’ हे ते अनुमान होय.

विद्यार्थिदशेत आम्ही नगर शहरात एका वाड्याच्या मागल्या अंगास खोली घेऊन राहिलो होतो. घराचे मालक वयस्क व मनाने दयाळू होते. सणावारी ते आमच्याकरिता ताट पाठवीत. भाडे चार दिवस पुढेमागे झाले तरी कधी बोलले नाहीत. परंतु खोलीची दुसरी किल्ली त्यांच्यापाशी असे, आणि आम्ही बाहेर गेलो असता पंखा चालू राहिला की काय, कौलातून पाणी गळते की काय, हे पाहावयास ते आत जात. एके दिवशी संध्याकाळी ओट्यावर त्यांनी आम्हांस थांबविले आणि अत्यंत आपुलकीने विचारले, ‘काय हो, आईसाहेबांचे दुखणे आता कसे आहे?’ आईच्या दुखण्याची वार्ता आम्ही कोणासही सांगितली नव्हती. ती केवळ उशाशी ठेवलेल्या अंतर्देशीय पत्रात होती. आम्ही ‘बरे आहे’ इतकेच उत्तर दिले. त्या दिवसापासून घरची पत्रे आम्ही खिशात घालून हिंडू लागलो, आणि सहामाही संपताच खोली सोडली. मालकांस त्याचे खरोखर वाईट वाटले. आमचे कोठे चुकले, असे त्यांनी विचारले, आणि आम्हांस ते सांगता आले नाही.

आज इतक्या वर्षांनी ते सांगता येईल असे वाटते. मालकांनी आमचे काहीही चोरले नव्हते. पत्रात लाज वाटावी असेही काही नव्हते. तथापि एक वस्तू गेली होती. आईचे दुखणे कोणापाशी, केव्हा व किती सांगावे, की मुळीच सांगू नये, ही निवड आमची होती. ती आमच्या हातून काढून घेतली गेली. दुःख सांगण्यात जो विश्वास असतो तो सांगणाऱ्याने दिलेला असतो. न सांगता ज्यास ते कळले त्याने कितीही कळवळा दाखविला तरी तो कळवळा अंगाला लागत नाही. खासगीपणा म्हणजे पाप झाकण्याचे पांघरूण, अशी जी समजूत आहे ती येथे कशी फोल ठरते, हे सुज्ञ वाचकांनी पाहावे. मनुष्य एकांतात रडतो, चुकतो, देवापाशी बोलतो, अर्धवट विचार करून ते टाकून देतो; आणि असा सावरल्यावर मग चारचौघांत येतो. ज्यास सावरण्याला जागाच नाही, तो सदैव चारचौघांतच राहतो, आणि सदैव चारचौघांत राहणाऱ्या मनुष्याचे वागणे हळूहळू नाटकी होते.

आता देवळाच्या खोलीकडे पुन्हा पाहावे. त्या खोलीचे दार उघडे असेल, तर ते उघडणारा हात आत राहणाराचा आहे. विरक्ताने आपले सर्वस्व उघडे टाकावे यात थोरवी आहे, कारण ते झाकण्याची मुभा त्यास होती. तेच दार दुसऱ्याने बाहेरून उघडले म्हणजे थोरवी नाहीशी होते आणि केवळ अपमान उरतो. दानाचे व लुटीचे द्रव्य एकच असले तरी कृत्ये एक नसतात, तसेच हे आहे. माहितीच्या अधिकाराचे रहस्यही नीट पाहिले असता हेच दिसेल. सरकारचे दप्तर उघडे असावे, कारण सरकारच्या हाती सत्ता आहे व ते लोकांच्या पैशावर चालते. म्हणूनच २००५ च्या त्याच कायद्यात व्यक्तीच्या खासगी बाबींस अपवाद ठेवला गेला. ज्याच्या हाती सत्ता अधिक त्याने अधिक उघडे असावे, आणि ज्याच्या हाती सत्ता कमी त्यास आडोसा अधिक मिळावा, हा तो नियम होय. घरमालक व भाडेकरू यांच्या नात्यात सत्ता कोणाकडे आहे, हे का सांगावयास पाहिजे? तरीही व्यवहार उलट चालतो. भाडेकरूची जात, त्याचा आहार, त्याच्याकडे येणारी माणसे, त्याची निजण्याउठण्याची वेळ हे सर्व मालकास ठाऊक असते. मालकाविषयी भाडेकरूस बहुधा भाड्याचा आकडा व मालकाचा स्वभाव यांपलीकडे काही कळत नाही.

राळेगणपासून फार दूर नसलेल्या सुपे येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि शेतीवर पोट भरणाऱ्या भागात परगावचे, परप्रांतीचेही, कामगार खोल्या शोधीत येऊ लागले. अशा ठिकाणी शेतकऱ्याने आपल्या घरालगत दोनचार खोल्या काढाव्यात, नळ व अंगण सामाईक ठेवावे, हे स्वाभाविकच आहे. त्या शेतकऱ्याची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. तो काही मोठा जमीनदार नव्हे. कर्ज काढून त्याने भिंती उभ्या केल्या आहेत. अनोळखी माणूस घरात घेतला, उद्या काही भलतेसलते झाले तर पोलीस प्रथम आपल्याच दारी येतील, ही त्याची धास्ती निराधार नाही. त्याच्या घरात सुना-मुली आहेत. गावात नाव आहे. म्हणून तो म्हणतो, घर माझे, जबाबदारी माझी, तेव्हा नजर ठेवण्याचा हक्कही माझा.

या युक्तिवादातील पहिली दोन पदे खरी असून तिसरे त्यांतून निघत नाही. भाडेकरू कोण, कोठला, काय काम करतो, किती माणसे राहणार, हे करारापूर्वी विचारावे. पोलिसांस कळवावयाचे ते कळवावे. एवढ्याने जबाबदारी पुरी होते. यापुढची नजर धास्तीतून निघत नाही, मालकीच्या अभिमानातून निघते. आणि मालकीविषयी कायद्याचा विचार सामान्य समजुतीपेक्षा पुष्कळ सूक्ष्म आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने, भाडे देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकरूस जागेचा निर्वेध उपभोग मिळेल, अशी हमी मालकाने दिल्याचे गृहीत धरले आहे. त्याच कलमात मालकास वाजवी वेळी जागा पाहण्याचीही मुभा आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ज्या वस्त्यांस लागू आहे तेथे तर पाहणीपूर्वी सूचना देण्याची अट स्पष्टच घातलेली आहे. आगळिकीच्या गुन्ह्याची व्याख्याही मालकी पाहत नाही, ताबा पाहते. म्हणजे ज्याने घर भाड्याने दिले त्याने भिंती राखल्या, परंतु उंबरठा तेवढ्या मुदतीपुरता दुसऱ्याच्या स्वाधीन केला. भाडे घ्यावयाचे ते याच स्वाधीनतेचे. अकरा महिन्यांच्या परवान्याच्या करारात भाडेकरूस जागेवर हक्क निर्माण होत नाही, केवळ राहण्याची परवानगी मिळते, असा कायद्याचा भेद आहे खरा. परंतु परवानगीने राहणारा मनुष्यही निजतो, आजारी पडतो, पत्रे वाचतो. त्याच्या लज्जेला अकरा महिन्यांची मुदत नसते.

ही कल्पना आमच्याकडे परदेशातून आली, असे म्हणणाऱ्यांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात घरांविषयी नियम घालताना, दुसऱ्यास उपद्रव होईल अशी दारे-खिडक्या ठेवणे दंडनीय मानले आहे. आणि भाडे भरणाऱ्यास सबळ कारणावाचून बाहेर काढणाऱ्या मालकासही, जा म्हटल्यावर न जाणाऱ्या भाडेकरूप्रमाणेच, दंड सांगितला आहे. दुसरी गोष्ट १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याची. शेजाऱ्याच्या एकांतास बाध येईल अशी नवी खिडकी पाडू नये, अशा शहरी रूढीचे उदाहरण त्या कायद्यातच दिले आहे. आणि १८८८ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने अशी रूढी मान्य केली. पुढे १९६२ साली खरक सिंग यांच्या खटल्यात पोलिसांनी रात्री घरी जाऊन डोकावण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आणि २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. रात्री अपरात्री कडी वाजविण्याचा असा मोकळा अधिकार जर पोलिसासही नाही, तर तो घरमालकास कोठून आला?

येथे एक आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. मुंबईच्या चाळीत दिवसभर दारे उघडीच असतात, खेड्यात तर भिंतीआडचे बोलणेही गावास ठाऊक असते. आमच्या लोकांस एकांताची सवयच नाही, मग भाडेकरूनेच एवढे हळवे का व्हावे? आमचे उत्तर असे की, शेजाऱ्याची नजर परस्परांची असते. तो आमच्या घरात पाहतो, आम्ही त्याच्या घरात पाहतो. तो आम्हांस घालवू शकत नाही, आम्ही त्यास घालवू शकत नाही. मालकाची नजर एकेरी असते, आणि तिच्यामागे ‘खोली खाली करा’ हे वाक्य न बोलताही उभे असते. हाच भेद गावाच्या नजरेसही लावून पाहावा. राळेगणमध्ये दारूबंदीच्या प्रारंभीच्या काळात दारू पिणाऱ्यांस देवळाच्या खांबाला बांधून मार देण्यात आला, हे जगजाहीर आहे. त्या बंदीने कित्येक संसार वाचले असतील. तरी मार खाणाऱ्याच्या देहाची व अब्रूची जी विटंबना झाली ती या लाभाने पुसली जात नाही. आणि निदान तो मनुष्य त्या गावचाच होता. नियम करणाऱ्या सभेत त्यास बसता येत होते. परगावाहून आलेल्या भाडेकरूस तेवढेही नसते. नियम दुसऱ्यांचे, नजर दुसऱ्यांची, आणि त्याने मात्र पोटाकरिता मान खाली घालून राहावयाचे.

कायदा येथे फारसा कामी येणार नाही, हे आम्ही जाणतो. किल्लीचा उपयोग कोणी केला म्हणून कोर्टाची पायरी चढणारा भाडेकरू विरळा. दावा लागण्यापूर्वीच अकरा महिने सरतात. म्हणून या बाबतीत शिष्टाचार हाच खरा कायदा होय, आणि तो रुजविण्याचे काम आमच्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांचे आहे, कारण खोल्या देणारे पुष्कळसे आमच्यातलेच आहेत. हा शिष्टाचार काही कठीण नाही. दार वाजवावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. दुरुस्तीस यावयाचे तर आदल्या दिवशी सांगावे, आणि भाडेकरूच्या समक्ष यावे. दुसरी किल्ली ठेवलीच तर आग लागली अथवा नळ फुटला तरच ती वापरावी, आणि वापरल्यावर तसे सांगावे. त्याच्या चुलीवर काय शिजते व त्याच्या दारी कोण येते, हे त्याने सांगितल्यास ऐकावे, न सांगितल्यास विचारू नये. भाडेकरूनेही जागा आपली समजून जपावी, वाजवी पाहणीस आडकाठी करू नये, आणि सामाईक अंगणात शेजाऱ्यास आपला उपद्रव होऊ देऊ नये; उंबरठ्याचा मान मागणाऱ्याने उंबरठ्याबाहेरची मर्यादाही पाळली पाहिजे.

आमचे ते नगरचे मालक आता या जगात नाहीत. त्यांनी एकदा दार वाजवून ‘येऊ का?’ असे म्हटले असते, तर आम्ही त्यांस आत बोलावून खाटेवर बसविले असते, आणि आईचे पत्र कदाचित आपण होऊन त्यांच्या हाती दिले असते.